बोटीवरच्या गजाली : मेन्यूच्या आधी खरेदीची यादी

मागच्या अंकात मुंबई–गोवा क्रूझबद्दल मी एक वाक्य खरडलं होतं : 'रात्रभर कोकणाच्या कडेकडेने गेलो आणि सकाळी नाश्त्याला हॅश ब्राउन खाल्ला.' म्हणजे कोकणाचं काही ताटात आलंच नाही. त्यावर बरीच पत्रं आली. काहींनी पाठ थोपटली, एकांनी 'मग घरीच बसायचं होतं' असंही सुनावलं. त्यांतली पाच निवडली आहेत. माझी नोकरी जहाजांच्या गॅलीत, म्हणजे मुदपाकखान्यात झाली. कॉमी, म्हणजे हाताखालचा शिकाऊ, म्हणून कांदे सोलण्यापासून सू-शेफपर्यंत, म्हणजे मुख्य शेफच्या खालच्या जागेपर्यंत. त्यामुळे उत्तरं स्वयंपाकघराच्या दारातूनच येणार, हे धरून चाला.

प्रश्न : काका, मी कुडाळला हॉटेल मॅनेजमेंट शिकतो. माझा चुलतभाऊ परदेशी क्रूझवर आहे. तो सांगतो, आठवड्यातून एकदा 'इंडियन नाइट' असते आणि तिच्यात बटर चिकन, दाल मखनी, नान. गॅलीत एवढे गोव्या-कोकणातले लोक असताना आपलं जेवण वर का जात नाही? मला जहाजावर जाऊन हे बदलायचं आहे. — विद्यार्थी, कुडाळ

उत्तर : तुझा भाऊ सांगतो ते खरं आहे. पण दोष गॅलीतल्या माणसांचा नाही. मोठ्या कंपनीच्या जहाजावर काय शिजणार हे जहाजावर ठरतच नाही. ते मुख्य कार्यालयात ठरतं. तिथून प्रत्येक पदार्थाचं कार्ड येतं : फोटो, ग्रॅममध्ये मापं, कुठल्या ताटात वाढायचं तेही. कार्डावरचं सामान कंपनीच्या खरेदीच्या यादीत असतं आणि यादीत नसलेली वस्तू प्रोव्हिजन मास्टर, म्हणजे कोठीचा प्रमुख, जहाजावर घेत नाही. तिरफळ यादीत नाही, कोकम यादीत नाही, उकडा तांदूळ यादीत नाही. मग शेफ मालवणचा असला म्हणून काय होणार? म्हणून मी नेहमी म्हणतो, मेन्यू नंतर वाच, आधी खरेदीची यादी बघ.

बटर चिकन जिंकतं कारण ते आज्ञाधारक आहे. हाड नाही, काटा नाही, गरम भांड्यात तासन् तास बसवलं तरी रुसत नाही. आपली सोलकढी बघ. नारळाचं दूध म्हणजे जहाजाच्या भाषेत जोखमीचा पदार्थ. अमेरिकेच्या बंदरांत ये-जा करणाऱ्या प्रवासी जहाजांवर तिथल्या सीडीसीचे, म्हणजे सरकारी रोगनियंत्रण संस्थेचे, तपासनीस न कळवता चढतात, हातात थर्मामीटर घेऊन. थंड पदार्थ ५ अंश सेल्सियसच्या वर नको, गरम ५७ च्या खाली नको. यांतलं काहीच जमणार नसेल तर वेळेची चिठ्ठी लावायची आणि चार तासांत उरलेलं फेकायचं. १०० पैकी ८५ किंवा त्याखाली गुण पडले की जहाज नापास, आणि हा निकाल कुणालाही वाचता येतो. एका पातेल्यासाठी कुठला एक्झिक्युटिव्ह शेफ हा धोका पत्करेल? सोलकढी करता येते, मी केली आहे. पण दिवसातून दोनदा, थोडी थोडी, बर्फाच्या ट्रेवर ठेवून. 'करून ठेवली सकाळी' हा घरचा हिशेब तिथे चालत नाही.

दुसरी अडचण जाळाची. मी ज्या ज्या जहाजांवर होतो तिथे गॅलीत उघडा जाळ नव्हता, सगळं विजेवर. वाटणासाठी खोबरं-कांदा भाजायला चूल नाही, गॅसही नाही, सपाट विजेची प्लेट. खोबरं त्यावर भाजलं जातं, पण सावकाश, आणि सगळा वेळ कुणीतरी उलथनं घेऊन उभं राहावं लागतं. तेवढं मनुष्यबळ कार्डात लिहिलेलं नसतं. मासे तर गोठवलेले, एकाच मापाचे तुकडे आणि काटे काढलेले. युरोपियन प्रवाशाला काटा लागला तर तक्रार येते. आपला माणूस मात्र बिनकाट्याच्या तुकड्याकडे संशयानेच बघतो, हा कुठला मासा म्हणून!

आपलं जेवण जहाजावर असतं, पण खाली. क्रू मेसमध्ये. वर लिडो डेकवर, म्हणजे पूल आणि बफेच्या मजल्यावर, प्रवासी 'इंडियन बफे' खात असतात, तेव्हा खाली एका टेबलावर फिलिपिनो लोकांचं सिनिगांग, दुसऱ्यावर इंडोनेशियनांचं सांबाल आणि गोव्याच्या पोरांची शाकुती. गोव्याच्या तारवटींचा, म्हणजे बोटीवर नोकरी करणाऱ्यांचा, हा वारसा जुना आहे. पी अँड ओ या ब्रिटिश कंपनीच्या जुन्या बोटींवर स्टुअर्ड आणि आचारी मोठ्या संख्येने गोव्याचे असत. सुट्टीवर मुंबईत आले की धोबीतलावच्या आपापल्या गावाच्या कुडात, म्हणजे गावकऱ्यांच्या सामायिक बिऱ्हाडात, उतरत. माझ्या एका जहाजावर इटालियन मेत्र-दी, म्हणजे जेवणघराचा प्रमुख, ड्युटी संपली की गुपचूप खाली येऊन बांगड्याची उडदामेथी वाढून घ्यायचा. वर मात्र त्याने ती कधी मागितली नाही. यादीत नव्हती ना!

आता तुझ्या कामाचं. जहाजाला सोयीचे पदार्थ हुडक. घावणे घे. तांदळाचं पीठ, पाणी, मीठ. आंबवणं नाही, गहू नाही, दूध नाही, अंडं नाही. आजकाल प्रत्येक टेबलावर कुणीतरी ग्लूटेन-फ्री किंवा व्हीगन असतं आणि शेफ त्यांच्यासाठी डोकं खाजवत बसतो. विजेच्या प्लेटवर प्रवाशांसमोर घावणे घाल, सोबत काळ्या वाटाण्याचं सांबार दे. सांबार तासभर बसलं तरी बिघडत नाही. गोडाला शिरवाळे आणि नारळाचा रस, रस थंड ठेवून. वडे-कोंबडीच्या नादी लागू नकोस. वडा थंड झाला की त्याचं काय होतं ते तुला मी सांगायला नको. आणि आईची कृती ग्रॅममध्ये लिहायला शिक. 'अंदाजाने' लिहिलेलं कार्ड कुठलंही मुख्य कार्यालय मंजूर करत नाही.

प्रश्न : माझं बालपण मालवणातलं. आम्ही आगबोटीने मुंबईला यायचो. मुलाने हौसेने मुंबई–गोवा क्रूझला नेलं. खोली छान, माणसं अदबशीर, पण सबंध प्रवासात कोकण काही भेटलं नाही. जुन्या बोटीवर ते पाय ठेवल्याबरोबर भेटायचं. ते परत आणता येईल का? — निवृत्त शिक्षिका, पुणे

उत्तर : बाई, जुन्या बोटीचं कौतुक मलाही आहे. मी वेंगुर्ल्याचा, धक्क्यावर बोटीची वाट बघण्यात माझं बरंचसं बालपण गेलं. पण थोडं खरंही बोलू. खालच्या डेकवर कोंबड्या, करंड्या आणि बोट लागलेली माणसं एकत्र असत. रत्नागिरी, देवगड, मालवणला बोट बाहेर उभी राहायची आणि हेलकावणाऱ्या पडावातून बायका-पोरांना वर ओढून घेत. १७ जुलै १९४७ ला रेवसकडे निघालेली 'रामदास' काशाच्या खडकाजवळ बुडाली, सहाशेहून अधिक माणसं गेली. ते दिवस जसेच्या तसे परत यावेत असं कुणी म्हणणार नाही.

तरीही तुमचं निरीक्षण अचूक आहे. त्या बोटीला कोकण 'दाखवायची' गरजच नव्हती. भाऊच्या धक्क्यावरून सुटायची ती हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, मुसाकाझी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले करत पणजीला. प्रत्येक ठिकाणी माणसं, आंब्याच्या पेट्या, टपालाच्या थैल्या चढायच्या-उतरायच्या. चाकरमान्याने बांधून आणलेली दशमी शेजारच्या दाभोळकराच्या सुक्या जवळ्याशी गाठ घ्यायची. बोटीचं किनाऱ्याशी काम होतं, म्हणून किनारा आपण होऊन बोटीवर यायचा. आजची क्रूझ संध्याकाळी मुंबईहून निघते, सबंध कोकण अंधारात आणि लांबून ओलांडते आणि सकाळी गोव्यात. मधे एकाही बंदराशी तिचा व्यवहार नाही. अशा जहाजावर भिंतीला वारलीची चित्रं काढली आणि वेटरला कोळ्याची टोपी घातली तरी काय भेटणार? शिवाय वारली चित्र पालघरकडचं. मालवणच्या माणसाने त्यात आपलं काय शोधायचं?

हे माझं नुसतं रडगाणं नाही, कारण उलट उदाहरणं चालू आहेत. नॉर्वेची हुर्टिगरूटेन ही किनाऱ्याने जाणारी बोटसेवा बघा. १८९३ मध्ये रिकार्ड वित नावाच्या कप्तानाने टपाल आणि माल नेण्यासाठी ती सुरू केली. आज ती प्रवाशांची लाडकी आहे, तरी बर्गनपासून थेट रशियाच्या सीमेजवळच्या किर्केनेसपर्यंत ३४ बंदरं घेते, कित्येक मध्यरात्री, आणि मालही उतरवते. निवृत्तीनंतर आम्ही दोघं तिथे प्रवासी म्हणून गेलो. नजर माझी सवयीने धक्क्यावर. मासळीच्या पेट्या वाटेतल्या बंदरात चढताना दिसल्या आणि जेवणाच्या कार्डावर कुठला मासा कुठल्या फ्योर्डमधला, म्हणजे खाडीतला, ते लिहिलेलं. लोफोतेनच्या आसपास सुकवलेला कॉड, वर उत्तरेला रेनडियर. बोट पुढे सरकते तसं ताट बदलतं. आर्क्टिक वृत्त ओलांडताना खलाशी सागरदेव बनून मानेत बर्फ ओततात. परतीच्या वाटेवर चमचाभर कॉड माशाचं तेल पाजतात. ही गंमत प्रवाशांसाठीच आहे, मान्य. पण ते तेल तिथल्या पोरांना लहानपणी खरोखरच पाजलं जातं, म्हणून गंमत पोकळ वाटत नाही. माझ्या सौभाग्यवतीने तोंड वाकडं केलं नि आमच्या शार्क लिव्हर ऑइलची आठवण काढली.

दुसरं उदाहरण प्रशांत महासागरातल्या ताहितीकडचं. पपीते बंदराहून मार्केसास बेटांना जाणारी 'अरानुई' बोट. पुढचा अर्धा भाग क्रेनसकट मालवाहू, मागचा प्रवासी. बेटांवर सिमेंट, तांदूळ, मोटारी उतरवायच्या आणि सुकं खोबरं भरून परत. खलाशी तिथलेच, अंगभर गोंदलेले. संध्याकाळी काम आटोपलं की युकुलेली काढून गातात. बेटावरच्या माणसांची त्या जहाजाशी ओळख आहे, कारण त्यांचा फ्रिज त्यानेच आणलेला असतो.

आपल्याकडे रस्ता आणि कोकण रेल्वे झाल्यावर मालासाठी कुणी बोटीकडे वळेल असं मला वाटत नाही. ऐंशीच्या दशकात ती सेवा बंद पडली ती पडलीच. मोठं जहाज मालवणच्या खडकाळ बंदरात शिरूही शकत नाही. पण दुपारी लवकर निघून दिवसाउजेडी मुरूड-जंजिऱ्याच्या समोरून, थोडं किनाऱ्याच्या जवळून जाणं अशक्य नाही. रात्री डेकवर एखादा जुना तांडेल उभा करा, तो दीपगृहांच्या लुकलुकण्यावरून ठिकाणं सांगेल. प्रत्येक दीपगृहाची उघडमीट वेगळी असते आणि आपल्या दर्यावर्दींना ती पाठ असते. एवढ्यासाठी कंपनीला एक पगार द्यावा लागेल. डीजेपेक्षा स्वस्त पडेल.

प्रश्न : आम्ही देवगड तालुक्यातल्या बचत गटाच्या बायका. कोकम आगळ, मालवणी मसाला, आंबापोळी, कुळथाचं पीठ करतो. एका कार्यक्रमात सांगितलं की क्रूझ जहाजांना माल द्या. पण भेटायचं कुणाला?

उत्तर : ताई, जहाजावरच्या शेफला भेटून उपयोग नाही, तो कौतुक करेल आणि हात वर करेल. दोन दरवाजे आहेत : कंपनीचं खरेदी खातं, नाहीतर त्यांना माल पुरवणारा शिप चँडलर. चँडलरकडून सुरुवात सोपी, तो लहान नगही घेतो.

जाताना खाण्याच्या मालाचा एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नसुरक्षा परवान्याचा, क्रमांक आणि गटाची उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, सोबत हवी. उद्यम नोंदणी नुसती कागदाला नाही. लेखी करार असला तरी माल घेतल्यापासून ४५ दिवसांत पैसे देणं खरेदीदाराला कायद्याने बंधनकारक आहे आणि उधारी लांबली तर तोच कागद कामाला येतो. आंबापोळीवर 'देवगड हापूस' छापायचं असेल तर भौगोलिक मानांकनाचे अधिकृत वापरकर्ते म्हणून नोंदणी करून घ्या. हापूसला ते २०१८ मध्ये मिळालं.

आता पॅकिंग. तुमच्या त्या रिबिन बांधलेल्या शंभर ग्रॅमच्या पुड्या प्रदर्शनाला ठेवा. जहाजाला पाच किलोची जाड पिशवी लागते. पुठ्ठ्याचे खोके नकोत. पुठ्ठ्यातून झुरळं येतात म्हणून कित्येक जहाजं खोकी धक्क्यावरच फोडून माल प्लॅस्टिकच्या क्रेटमध्ये घेतात. काचेच्या बाटल्याही नकोत. पिशवीवर बॅच क्रमांक, तारीख आणि ॲलर्जीची सूचना. काजू तर लिहालच, पण युरोपच्या नियमात मोहरी आणि तीळसुद्धा त्या यादीत आहेत हे ध्यानात ठेवा. मसाल्याचा रंग आणि तिखटपणा प्रत्येक बॅचला तोच हवा. 'यंदा मिरची जरा भडक निघाली' हे ऐकून घेणारं तिथे कुणी नसतं. आणि वेळ! जहाज ज्या दिवशी मुंबईत लागतं त्याच दिवशी ठरलेल्या तासात टेम्पो धक्क्यावर हवा. महामार्गावर अडकलात तर बोट थांबणार नाही.

एक आतली गोष्ट सांगतो. स्वयंपाकघराच्या आधी बार गाठा. जेवणाचं कार्ड बदलायला महिने लागतात, बार मॅनेजर पेयांची पाटी त्यामानाने लवकर बदलतो. कोकमाचं घट्ट सरबत सोड्यात घालून स्वागताला दिलं तर एका फेरीत किती ग्लास जातील विचार करा. रंग तर असा की प्रवासी आधी फोटो काढतात. आगळ, मसाला नंतर आपसूक सरकेल.

प्रश्न : आमची दशावतारी कंपनी आहे. एका एजंटाने क्रूझवर प्रयोग विचारला आहे. 'वीस मिनिटांत बसवा, जरा रंगीत करा, प्रसिद्धी मिळेल' म्हणतो. घ्यावं का? — सावंतवाडी

उत्तर : वीस मिनिटांचं घेऊ नका. जहाजाच्या थिएटरात एकेक प्रयोग पाऊण तासाचा असतो आणि जेवणाच्या दोन पाळ्यांमुळे एका रात्रीत दोनदा होतो. पाऊण तास मागा. जत्रेत रात्रभर चालणारा खेळ पाऊण तासात बसवणं तुम्हाला जड नाही. तुमचे संवाद लिहिलेले नसतातच, समोरचा प्रेक्षक बघून तुम्ही ते लांबवता-आखडता. गणपती, रिद्धी-सिद्धी, संकासुर आणि एका आख्यानातलं एक युद्ध, एवढं पुरे. संकासुराचं मालवणी परक्यांनाही कळतं, कारण अर्धं ते अंगातून बोलतं. ध्वनिमुद्रित संगीत लावू देऊ नका, पायपेटी, मृदंग, झांज सोबत न्या. संगीतावर नाचायला त्यांच्याकडे नर्तक आहेतच.

काही गोष्टी आधी कळवा. तलवारी लाकडी असल्या तरी सुरक्षारक्षक धक्क्यावर अडवतील, यादी अगोदर पाठवा. आरतीची ज्योत, धूप, पेट्रोमॅक्स काहीही चालणार नाही. जहाजावर आगीला सगळे घाबरतात आणि घाबरायलाच हवं. स्टेज हलतं, तेव्हा युद्धाच्या गिरक्या एकदा तरी चालत्या जहाजावर करून बघा.

माझी एक सूचना, एजंटाला आवडो न आवडो. रंगपटी उघड्यावर करा. दुपारी डेकवर आरसा मांडून बसा आणि नेहमीसारखे आपापल्या हाताने चेहरे रंगवा. दाढीमिशा उतरवलेला बाप्या तासाभरात नऊवारीतली राणी होतो, हे बघायला प्रवासी खुर्च्या ओढून बसतील आणि रात्रीचं थिएटर भरेल. पैशांचं : मानधन, जाण्यायेण्याचा खर्च आणि दोन प्रयोगांमधलं जेवण लेखी घ्या. प्रसिद्धीवर पायपेटीचा भाता दुरुस्त होत नाही.

प्रश्न : मला वाटतं तुम्ही उगाच भावुक होता. क्रूझवर माणसं कॅसिनो, पूल आणि डीजेसाठी जातात. सोलकढी घरी मिळते. — दादर

उत्तर : बरीचशी माणसं त्यासाठीच जातात, खरं आहे. त्यांचा पूल कुणी काढून घेत नाही. पण बफेच्या रांगेत उभा राहून मी वर्षानुवर्षं बघितलंय : पहिल्या दिवशी पास्ता, दुसऱ्या दिवशी पिझ्झा, तिसऱ्या दिवशी आजी पिशवीतून शेंगदाण्याची चटणी काढते आणि शेजारच्या टेबलावरचं अनोळखी कुटुंबही वाटी पुढे करतं. तेच परदेशी पाहुणे तिसऱ्या दिवशी विचारायला लागतात की इथलं काय आहे. मी भावुक नाही, मला ती विक्री दिसते.

आणि तुम्हाला खरंच काही नको असेल तर तेही लिहून द्या. प्रवास संपताना जो अभिप्रायाचा फॉर्म येतो तो बहुतेक जण खोलीतच टाकून जातात. हॉटेल डायरेक्टर, म्हणजे जहाजावरच्या खोल्या-जेवणाचा प्रमुख, ते फॉर्म वाचतो, आकडे मुख्य कार्यालयात जातात आणि खरेदीची यादी ज्यांच्या हातात आहे ती माणसं तेवढंच बघतात. गॅलीतून आम्ही दहा वेळा मागूनही न आलेलं तिरफळ प्रवाशांच्या चार फॉर्मांमुळे जहाजावर आलं होतं.